रकमेपुढे साल लिहा : महागाईवर वाचकांचे प्रश्न

‘महागाई आणि घरचा हिशेब’ या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत. जिथे सरकारी आकडा आहे तिथे महिना किंवा वर्ष दिलं आहे. बाकीचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तिथे आपापले आकडे घालून पाहावेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई पाव टक्क्यावर आली असं वाचलं. आमच्या घरचा महिन्याचा खर्च मात्र वाढलेलाच आहे. सरकारचा आकडा खोटा की माझा हिशेब चुकतोय?
— गृहिणी, कोथरूड

दोन्ही बरोबर आहेत. पाव टक्का (नेमका ०.२५) हा भाव वाढण्याचा दर आहे आणि तो आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून काढलेला आहे. त्यामुळे आदल्या वर्षी काय झालं होतं हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरात भाजीपाला वर्षभरात सुमारे ४२ टक्क्यांनी महागला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या चढलेल्या भावावरून तो सुमारे २७ टक्क्यांनी उतरला. म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात १०० रुपयांत भरणारी भाजीची पिशवी २०२४ मध्ये १४२ ला गेली आणि २०२५ मध्ये १०३-१०४ वर आली. पेपरात ‘उणे २७’ छापून येतं, पण मंडईत तुम्ही दोन वर्षांपूर्वीपेक्षा चार पैसे जास्तच मोजता. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी उतरला, महागाईचा दर खाली यायला त्याचाही हातभार लागला.

दुसरा मुद्दा वजनांचा, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात कोणत्या गटाचा वाटा किती धरला आहे त्याचा. हा पाव टक्का ज्या निर्देशांकाच्या मालिकेतून निघाला तिचं आधारवर्ष (ज्याचे भाव १०० धरतात ते) २०१२ आणि तिच्यातली वजनं २०११-१२ च्या कुटुंबखर्च पाहणीवरून ठरलेली. त्यात खाण्यापिण्याला ४५.८६, घराला १०.०७, आरोग्याला ५.८९ आणि शिक्षणाला ४.४६ टक्के वजन होतं. शंभरातले ४६ रुपये पोटावर जातात अशा सरासरी भारतीय कुटुंबाचा हा आकडा. भाड्याच्या घरात राहणारं, दोन मुलं इंग्रजी शाळेत आणि एक सासरे मधुमेहाच्या गोळ्यांवर असं कोथरूडचं कुटुंब त्यात बसत नाही. भाजी स्वस्त झाली की सरासरी कुटुंबाला मोठा दिलासा मिळतो, तुम्हाला थोडाच.

तेव्हा घरचा दर घरीच काढा. एक वही आणि दोन वर्षांची बिलं पुरतात. खर्चाचे सहा-सात गट करा. दर गटावर गेल्या वर्षी महिन्याला सरासरी किती गेले ते लिहा. शाळेची फी, विम्याचा हप्ता, मिळकत कर असे वर्षाचे खर्च १२ ने भागून घ्या. मग त्याच मालाचा आणि त्याच सेवेचा भाव वर्षात किती टक्के चढला ते शेजारी मांडा आणि गुणाकार करा. समजा महिन्याचा खर्च ६०,००० आहे. किराणा-दूध-भाजी १५,००० आणि वाढ २ टक्के, म्हणजे ३०० रुपये. भाडं २०,००० आणि करारात ५ टक्के वाढ, म्हणजे १,०००. शाळा-क्लास १०,००० वर १० टक्के, म्हणजे १,०००. औषधं आणि आरोग्यविमा ५,००० वर १५ टक्के, म्हणजे ७५०. वीज-गॅस-पेट्रोल ६,००० वर १ टक्का, म्हणजे ६०. इतर ४,००० वर ३ टक्के, म्हणजे १२०. बेरीज ३,२३०. साठ हजारांवर ३,२३० म्हणजे ५.४ टक्के. तुमच्या घरची महागाई ही. पेपरातला पाव टक्का देशाचा.

या हिशेबात हमखास होणारी चूक म्हणजे भावाऐवजी बिलाची रक्कम ताडून पाहणं. गेल्या वर्षी तूरडाळ दोन किलो आणली आणि यंदा तीन, तर बिल वाढलं ते जास्त आणलेल्या डाळीमुळे, महागाईमुळे नव्हे. किलोचा भाव किलोच्या भावाशीच ताडायचा. तसंच, पूर्वी कोपऱ्यावर जाऊन खाल्लेली मिसळ आता मोबाइलवरून घरी मागवत असाल, तर वरचा खर्च सोयीचा आहे. तो वेगळ्या पानावर लिहा. ते पान पाहून अनेकांना धक्का बसतो, पण त्याला रिझर्व्ह बँक काही करू शकत नाही.

आणखी एक. काही भाव रोज इंचाइंचाने चढत नाहीत, बरेच दिवस थांबून एकदम पायरी चढतात. पुण्यात रिक्षाचं भाडं नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरला २१ आणि पुढे किलोमीटरला १४ रुपये झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये तेच २५ आणि १७ झालं. पाच किलोमीटरला ७० रुपये लागत होते तिथे ८४ रुपये ५० पैसे, म्हणजे वर्षाच्या आत जवळपास २१ टक्के. पीएमपीएमएलचा (पुण्याच्या शहर बसचा) मासिक पास १ जून २०२५ ला ९०० वरून १,५०० वर गेला, तोही एका दिवसात. म्हणून घरचा दर एकाच वर्षाचा काढून थांबू नका. सलग तीन वर्षांचा काढून सरासरी घ्या.

वय ६०. पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालो. हातात ४० लाख आहेत, ते ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर महिन्याला २३,३३३ रुपये येतील. ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन २,८०० आहे. घर स्वतःचं, खर्च २६,०००. मुद्दलाला हात न लावता भागतंय, मग काळजीचं कारण काय?
— निवृत्त कामगार, चिंचवड

यंदा भागतंय. अडचण पुढच्या वर्षापासून आहे, कारण तुमच्या बाजूचा एकही आकडा हलत नाही आणि समोरचा मात्र हलतो. ईपीएसच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही. त्या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली, त्यावरून तिथला वेग कळेल. सरकारी निवृत्तांची गोष्ट निराळी, त्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. शेजारच्या सरकारी पेन्शनराचं पाहून आपलं नियोजन करू नये, ते याचसाठी.

सहा टक्के महागाई धरली तर आजचे २६,००० बारा वर्षांनी ५२,३०० होतात. तुमची आवक तेव्हाही २६,१३३ च. बहात्तराव्या वर्षी, औषधांचा खर्च वाढू लागतो नेमका तेव्हा, निम्मा खर्च उघडा पडेल.

‘मुद्दलाला हात लावत नाही’ हे वाक्यही तपासून पाहू. ४० लाखांवर वर्षाचं व्याज २,८०,०००. पण ६ टक्के महागाईत पुढच्या वर्षी तेवढीच खरेदी करायला ४० लाखांचे ४२ लाख ४० हजार असावे लागतात. व्याजातले २,४०,००० मुद्दलाची झीज भरण्यातच गेले पाहिजेत. खऱ्या अर्थाने सुटलेले पैसे ४०,०००, म्हणजे महिन्याला ३,३३३ रुपये. बाकीचे २०,००० दरमहा तुम्ही मुद्दलातूनच खाता आहात, फक्त पासबुकावर ते दिसत नाही.

निवृत्तीनंतर मुद्दल खाण्यात वावगं काही नाही, ते त्यासाठीच जमवलेलं असतं. प्रश्न ते किती वर्षं पुरणार, हा. पहिल्या वर्षी २,८०,००० काढले आणि दरवर्षी काढायची रक्कम ६ टक्क्यांनी वाढवली, तर ७ टक्के व्याजावर ४० लाख साधारण १५ वर्षं पुरतात. पेन्शन वाढत नसल्याने प्रत्यक्षात थोडे आधीच संपतील. पंचाहत्तरी म्हणजे आजच्या काळात काही फार नव्हे.

लोक उपाय शोधतात तो जास्त व्याजाचा. त्याने किती फरक पडतो पाहा. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी आणि १० लाख ७ टक्क्यांनी ठेवले, तर सरासरी ७.९ टक्के पडते. १५ ची १६ वर्षं झाली, एवढंच. आता व्याज ७ टक्केच ठेवून काढायची रक्कम महिन्याला ५,००० ने कमी करा. तेच ४० लाख जवळजवळ २० वर्षं जातात. दोन्ही केलं तर २१-२२ वर्षं. पहिली चार-पाच वर्षं हातपाय धड असताना हलकं काही काम मिळालं आणि त्यातून महिन्याला पाच हजार आले, तर तेवढा काळ तरी तोच परिणाम होतो, आणि व्याजदराच्या शोधापेक्षा तो खात्रीचा. व्याजावर अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून एखाद्या छोट्या पतसंस्थेत सगळी रक्कम ठेवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तोही नाही.

ज्येष्ठ नागरिक योजनेबद्दल थोडं नेमकं. कमाल ३० लाख, मुदत पाच वर्षं, पुढे आणखी तीन वर्षांसाठी वाढवता येते. ज्या दराने खातं उघडलं तो दर पाच वर्षं कायम राहतो, सरकारने दर तिमाहीला नवा दर काढला तरी. ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. ते खात्यात पडून राहिले तर त्यावर पुन्हा व्याज मिळत नाही. म्हणून ते आपोआप बचत खात्यात वळतील अशी सूचना पहिल्याच दिवशी द्या.

उरलेले १० लाख एकाच पावतीत अडकवू नका. दोन-दोन लाखांच्या पाच पावत्या १, २, ३, ४ आणि ५ वर्षांच्या करा. दरवर्षी एक पावती सुटेल आणि तेव्हाच्या दराने पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवता येईल. महागाई चढली की सहसा ठेवींचे दरही काही महिन्यांनी चढतात. सगळी रक्कम जुन्या दरात अडकलेली असेल तर तो चढ तुमच्या हाती लागत नाही. ‘दरमहा व्याज’ घेतलं तर तिमाही व्याजापेक्षा किंचित कमी मिळतं, हेही पावती करताना विचारून घ्या.

तुमच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, हे भाग्य. कमावत्या माणसाला ३० टक्के कर आणि त्यावरचा उपकर धरून ७ टक्क्यांतले हातात ४.८ च पडतात. पाच टक्के महागाईतही त्याची ठेव झिजतच असते.

पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांनाच मिळतो. मग त्यात महागाई कुठे आहे?
— किराणा दुकानदार, हडपसर

वजनात. साठ ग्रॅमचा पुडा पन्नास ग्रॅमचा झाला की ग्रॅमचा भाव ८.३ पैशांवरून १० पैशांवर जातो, म्हणजे २० टक्के वाढ. गिऱ्हाइकाला पाचाचे सहा दिसतात, दोन बिस्किटं कमी झालेली दिसत नाहीत. पाच आणि दहाच्या नाण्याला बसणाऱ्या मालात हे जास्त घडतं, कारण साडेपाच रुपयांचा पुडा विकायला गेलात तर सुट्ट्यांचं काय करणार हे तुम्हाला सांगायला नको. शाम्पूची पुडी, चहाची पुडी, साबण, वेफर्स, सगळीकडे हीच तऱ्हा.

पाकिटावर एककाचा भाव छापणं बंधनकारक आहे. एक किलोच्या आतल्या मालाला ग्रॅमचा, वरच्याला किलोचा. एमआरपीच्या जवळपास बारीक अक्षरात तो असतो. घासाघीस करायची तर त्या आकड्यावर नजर ठेवून करावी. ‘२० टक्के जादा’ लिहिलेलं मोठं पाकीट छोट्यापेक्षा ग्रॅममागे महाग निघतं, असेही नमुने सापडतील.

महागाईत कर्जदाराचा फायदा होतो म्हणतात. मी २०२१ च्या अखेरीस ५० लाखांचं गृहकर्ज ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, हप्ता ३८,७६५. हप्ता तोच राहिला, पण मध्यंतरी मुदत कितीतरी वाढलेली दिसली. फायदा कुठे गेला?
— आयटी कर्मचारी, वाकड

तुम्ही ऐकलेलं वाक्य स्थिर दराच्या कर्जाला लागू पडतं. तिथे हप्ता बांधलेला असतो आणि पगार महागाईबरोबर वाढत जातो. पाच टक्के महागाईत पंधरा वर्षांनी भरलेले ३८,७६५ हे आजच्या १८,६०० च्या मोलाचे असतात. तुमचं कर्ज मात्र तरत्या दराचं. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) वाढवते आणि तो धक्का थेट तुमच्या कर्जाला लागतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. तुमचे ७ टक्के साडेनऊ झाले असं धरू.

वर्षभर हप्ते भरल्यावर तुमची बाकी सुमारे ४८ लाख ८१ हजार असणार. साडेनऊ टक्क्यांनी तिचं एका महिन्याचं व्याज ३८,६४२. हप्ता ३८,७६५. म्हणजे जवळजवळ एकोणचाळीस हजार भरून मुद्दलातून फिटले १२३ रुपये. मुदत वाढण्याचं कारण हे. ज्यांनी नुकतंच कर्ज उचललं होतं त्यांचं तर व्याजच हप्त्याच्या वर गेलं (५० लाखांवर ३९,५८३) आणि फेडूनही कर्ज वाढायची वेळ आली.

२०२५ मध्ये रेपो उतरला, पण मुदत आपोआप पूर्वपदावर येईल असं धरून चालू नका. बँकेकडून फेडीचा सध्याचा तक्ता मागवा. तीन आकडे पाहा : आजचा दर, बाकी, उरलेले महिने. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं आहे. गप्प बसलेल्या कर्जदाराची सहसा मुदतच वाढते. जमेल तर दरवर्षी पगारवाढीच्या महिन्यात हप्ता ५ टक्क्यांनी वाढवून घ्या. ८.५ टक्क्यांचं २० वर्षांचं कर्ज या एका सवयीने साधारण १२ वर्षांत फिटतं. तरत्या दराच्या गृहकर्जाची आगाऊ फेड केली तर वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही.

धायरीतला प्लॉट २००५-०६ मध्ये १० लाखांना घेतला होता. २०२५-२६ मध्ये विकतोय. एक जण म्हणतो साडेबारा टक्के कर, दुसरा म्हणतो महागाई वजा करून वीस टक्के. कोणतं खरं?
— व्यावसायिक, सिंहगड रस्ता

दोन्ही. जमीन किंवा इमारत २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असेल, तर भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला दोन्हींपैकी कमी पडेल तो कर भरता येतो. त्या तारखेनंतर घेतलेल्या मिळकतीला साडेबाराचा एकच रस्ता.

महागाई वजा करण्यासाठी सरकारचा खर्च-महागाई निर्देशांक वापरतात. २००१-०२ ला तो १०० धरला आहे. २००५-०६ चा ११७ आणि २०२५-२६ चा ३७६. तुमच्या १० लाखांना ३७६ ने गुणून ११७ ने भागा : ३२ लाख १४ हजार. प्लॉट ५० लाखांना गेला तर महागाई वजा जाता नफा १७.८६ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ३.५७ लाख. दुसऱ्या पद्धतीने नफा ४० लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ५ लाख. इथे महागाई वजा करण्याची जुनी पद्धत बरी. तोच प्लॉट एक कोटीला गेला तर जुन्याने १३.५७ लाख आणि नव्याने ११.२५ लाख, म्हणजे नवी बरी. तुमच्या बाबतीत तराजू ६९ लाखांच्या आसपास समतोल होतो. त्याखाली जुनी, वर नवी. दोन्हींवर ४ टक्के उपकर वेगळा.

खरेदीच्या वेळी भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मूळ किमतीत धरायला विसरू नका, लोक हमखास विसरतात. आणि हा निर्देशांक म्हणजे पुरी महागाई नव्हे. शहरी ग्राहक भाववाढीचे ७५ टक्केच त्यात धरायचे, असा नियम आहे. चौथा हिस्सा सरकारने आधीच बाजूला काढलेला असतो.

मुलगी तीन वर्षांची आहे. इंजिनिअरिंगला आज १२ लाख लागतात असं धरून पंधरा वर्षांसाठी दरमहा २,९०० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठराविक गुंतवणूक) सुरू केली आहे. पुरेशी आहे ना?
— तरुण आई-वडील, धनकवडी

वर्षाला १० टक्के परतावा धरला तर २,९०० दरमहा भरून पंधरा वर्षांनी १२ लाखच होतील, हे खरं. पण ते १२ लाख पंधरा वर्षांनंतरचे. तुम्ही किंमत आजची लिहिली आणि रक्कम उद्याची. ही गल्लत टाळायचा सोपा उपाय म्हणजे घरच्या वहीत कोणतीही मोठी रक्कम लिहिताना तिच्यापुढे साल लिहायचं. ‘१२ लाख’ नव्हे, ‘आजचे १२ लाख’. असं लिहिलं की वजाबाकी-गुणाकार करायची बुद्धी आपोआप होते.

फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढेल असं धरा. आजचे १२ लाख तेव्हा ३८ लाख होतात. त्यासाठी १० टक्के परताव्याने दरमहा ९,१८५ भरावे लागतील. एवढे आज झेपत नसतील तर झेपेल त्या रकमेवर सुरू करून दरवर्षी वाढवत न्या. मात्र वाढ ‘पुढे बघू’वर ठेवू नका, अर्जातच वार्षिक वाढीचा पर्याय भरा. दहा टक्के ही हमी नाही. मुलगी पंधरा-सोळाची झाली की जमलेली रक्कम शेअर बाजारातून टप्प्याटप्प्याने काढून ठेवीत आणा, नाहीतर प्रवेशाच्या वर्षीच बाजार पडल्याचं निमित्त होतं.

विमा पॉलिसीलाही हीच तपासणी लावा. ‘वीस वर्षांनी १० लाख’ हे ६ टक्के महागाईत आजचे ३ लाख १२ हजार आहेत. एजंटाने दाखवलेल्या कागदावर साल पेनाने लिहून घ्या.

सोनं घेतलं की महागाईची चिंता नको, हे कितपत खरं?
— वाचक, रविवार पेठ

लांब पल्ल्यात बरंचसं खरं, पण तुमच्या गरजेच्या तारखेला ते खरं ठरेल असं नाही. २०१२ मध्ये दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता आणि २०१८ मध्येही साधारण तिथेच. सहा वर्षं भाव जागचा हलला नाही आणि महागाई ५ टक्के राहिली, तर सोन्याची खरेदीशक्ती पाव हिश्श्याने घटते. २०१८ मध्ये ज्याच्या घरी लग्न होतं त्याला नंतरच्या तेजीचा काय उपयोग? शिवाय दागिना घेतलात तर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी पहिल्याच दिवशी जातो, आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही. अंगावर घालायला घ्यायचं तर जरूर घ्या, ती गुंतवणूक नव्हे, हौस. गुंतवणुकीला वळं किंवा नाणं, आणि एकूण बचतीच्या दहा-पंधरा टक्क्यांपुरतंच.

महागाई वाईट असते, तर रिझर्व्ह बँक ती शून्यावर का आणत नाही?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, शिवाजीनगर

कायद्याने तिला दिलेलं उद्दिष्टच ४ टक्क्यांचं आहे, दोन टक्के इकडे-तिकडे. २०१६ पासून ही पद्धत आहे. शून्याच्या खाली घसरलं की लोक खरेदी पुढे ढकलतात, कारखान्यांचा माल पडून राहतो, पगार गोठतात आणि कर्ज मात्र आकड्याने तेवढंच राहून जड होत जातं. त्यातून बाहेर येणं महागाई उतरवण्यापेक्षा अवघड असतं. म्हणून थोडी महागाई मुद्दाम ठेवतात. तिचाही परिणाम होतोच. ७२ ला दराने भागलं की पैशाचं मोल निम्मं व्हायला लागणारी वर्षं मिळतात : ४ टक्क्यांना १८, ६ टक्क्यांना १२, ८ टक्क्यांना ९.

आजोबा म्हणतात त्यांच्या लहानपणी चार आण्यात पोटभर भेळ मिळायची. मग तेव्हा सगळे श्रीमंत होते का?
— इयत्ता नववी, नारायण पेठ

आजोबांना विचार, तेव्हा घरात महिन्याचा पगार किती यायचा. मग एका भेळेसाठी किती मिनिटं काम करावं लागत होतं ते काढ. आज आईला किंवा बाबांना किती मिनिटं लागतात तेही काढ. मिनिटांना मिनिटांशी ताडलं की खरं उत्तर मिळेल, आणि ते भेळेला एक, सायकलीला दुसरं आणि घराला तिसरंच येईल. आजोबांचे चार आणे, म्हणजे २५ पैशांचं नाणं, ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं. आठ आणे मात्र कायद्याने अजून चालतात. भेळवाला घेईल का, ते विचारून बघ.